हवेचा हंगाम आणि पोटाचा हंगाम



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली, आणि तेव्हापासून अशा व्यासपीठांवर बहुतेक विद्वानच बोलत आले. आमची गोष्ट निराळी आहे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांवर आणि कायद्याच्या फाटक्या पुस्तकांवर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. जे पाहिले आणि जे ताडून पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'हवा' असे सांगितले. त्यावर एक गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, हवापाण्याच्या गप्पा मारणार की काय?" काम नसलेल्या माणसांच्या बोलण्याला आपण हवापाण्याच्या गप्पा म्हणतो, हे खरे. पण हवा ज्याच्या छातीत जाते त्याला ती गप्पांची गोष्ट राहत नाही. आज संध्याकाळी या सभेला येताना आपण सर्वांनी समोरच्या डोंगरउतारावर निळसर धूर पाहिला असेल. तो राबाचा धूर. चैत्र-वैशाखात तो आपल्या डोळ्यांच्या इतका सवयीचा झाला आहे की तो दिसला नाही तरच चुकल्यासारखे वाटेल. त्या धुराबद्दल बोलूच. पण ज्या धुराबद्दल आम्हाला मुख्यतः बोलायचे आहे तो येथून दिसत नाही. तो साठ-सत्तर मैलांवर असतो, आणि त्यात माणसे मात्र आपली असतात.

प्रथम हवेचा हंगाम म्हणजे काय ते पाहू. भाताला हंगाम असतो, मोहाला असतो, तसा हवेलाही असतो. पावसाळ्यात समुद्रावरून जोराचा वारा येतो आणि पाऊस हवेतील धूळ-काजळी धुऊन जमिनीवर आणतो. आषाढ-श्रावणात जव्हारची हवा छातीभर घ्यावी अशी असते, आणि मुंबईचीसुद्धा बरी असते. पाऊस गेला की वारा मंदावतो. कार्तिकापासून रात्री जमीन लवकर निवते. जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. गार हवा जड, ती वर जाऊ शकत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. चुलीचा, गाडीचा, भट्टीचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. दिवस वर आला, जमीन तापली, समुद्राकडून वारा सुटला, म्हणजे झाकण उचलते. थंडीच्या दिवसांत हा समुद्रवारा कधी उशिरा सुटतो, कधी अगदी दुबळा असतो. मग दुपारपर्यंत शहर आपल्याच धुरात बसून राहते. मार्गशीर्ष-पौषात सकाळी येथल्या सनसेट पॉइंटवर उभे राहून पश्चिमेकडे पाहा. खाली मैदानावर मळकट पट्टा दिसतो तो सगळाच धुक्याचा नसतो.

हे आपल्याच किनाऱ्यावर होते असे नाही. कराचीचे उदाहरण घ्या. आज ते परक्या देशातले गाव. पण १९३६ पर्यंत सिंध प्रांत आपल्या मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीत मराठी माणसांची वस्ती होती. त्या शहराच्या पुढे समुद्र आणि पाठीशी वाळवंट. उन्हाळ्यात व पावसाळ्यात समुद्राचा वारा शहर झाडून काढतो. हिवाळ्यात वारा उलटतो आणि जमिनीकडून, वाळवंटाकडून येऊ लागतो; त्याबरोबर धूळ येते, आणि शहराचा धूर समुद्रावर जाण्याऐवजी घुटमळतो. आपल्याला वाटेल, त्यांचे वाळवंट, त्यांची धूळ, आपल्याला काय त्याचे? २०२२ सालच्या जानेवारीतली गोष्ट आठवा. २२ तारखेला कराचीवर धुळीचे वादळ आले. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, तीच धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-ठाण्यावर आणि आपल्या पालघर जिल्ह्यावर उतरली. सूर्य चंद्रासारखा फिका दिसत होता, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरट भुकटी बसली होती. वाऱ्याला सरहद्द ठाऊक नसते. मग जव्हारची हद्द आणि भिवंडीची हद्द तरी त्याला कशी ठाऊक असणार?

आता दुसरा हंगाम, पोटाचा. तो आपल्याला पाठ आहे. जव्हार-मोखाड्याची शेती डोंगरउताराची, बरीचशी वरकस. नाचणी, वरई, थोडे भात. पाऊस धो धो पडतो आणि तितक्याच वेगाने वाहून जातो. आश्विनानंतर जमिनीला ओल राहत नाही आणि दुसरे पीक क्वचितच निघते. दिवाळी झाली, कणगीत किती दाणे आहेत याचा अंदाज आला, की पाड्यापाड्यातून माणसे निघतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. नवरा, बायको, कडेवरचे पोर, डोक्यावर हंडा-गोधड्यांचे बोचके, कधी टोपलीत दोन कोंबड्या. नाक्यावर टेम्पो उभा असतो. कोणी वसईकडे बांधकामावर, कोणी रेतीवर, कोणी भिवंडी-कल्याण-वाड्याच्या वीटभट्ट्यांवर. बहुतेकांनी पावसाळ्यातच शेठकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हात बांधलेले. होळीला चार दिवस गावी येतात, पुन्हा जातात, आणि मृगाच्या आधी कायमचे परततात.

हे दोन हंगाम एकमेकांवर ठेवून पाहा. शहराची हवा कार्तिकात बिघडू लागते आणि फाल्गुनापर्यंत बिघडलेली असते. आपली माणसे कार्तिकात जातात आणि फाल्गुनापर्यंत तेथे असतात. पावसाळ्यात ती परत येतात तेव्हा येथली हवा निर्मळ असते. पण तेव्हा कणगी रिकामी झालेली असते. १९९२ साली वावर-वांगणीत मुले गेली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले की आपल्या पावसाळ्यात भूक कशी असते. म्हणजे हवा चांगली असते तेव्हा अन्न नसते, आणि अन्नाच्या मागे जावे तेव्हा हवा विषारी असते. बारा महिन्यांत दोन्ही गोष्टी एकत्र मिळतील असा महिना या माणसांच्या पंचांगात फार थोडा आहे. आमच्या सगळ्या भाषणाचा सारांश एवढाच आहे.

वीटभट्टी ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रात्री दोन-तीनला काम सुरू होते. गारा तुडवायचा, त्यात राख, तूस, कोळशाची भुकटी मिसळायची, साच्यात विटा पाडायच्या, वाळल्या की उचलून भट्टी रचायची. हजारावर हिशेब. भट्टी पेटली की ती दिवसेंदिवस धुमसत राहते. आपल्याकडच्या अनेक भट्ट्यांना धुराडे नसते. विटांच्या फटींतून धूर चहूकडे जमिनीलगत पसरतो. ज्या वेळी हवेवर झाकण सर्वांत घट्ट असते, त्या पहाटेच्या वेळीच कामाची सर्वांत जास्त घाई असते. डॉक्टर मंडळी सांगतात की बसून असणाऱ्या माणसापेक्षा अंगमेहनत करणारा माणूस कित्येक पट हवा छातीत घेतो. तान्हे मूल मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेते, मोठा माणूस पंधरा-वीस. म्हणजे एकाच भट्टीवर सर्वांत जास्त धूर कोणाच्या वाट्याला येतो? विटा वाहणाऱ्याच्या, आणि त्याच्या झोळीतल्या पोराच्या.

या धुरातला घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एकाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि रक्तातही शिरतात. एक घनमीटर हवेत असे कण वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० ची आहे. म्हणजे आपण स्वतःला आठपट सवलत दिली आहे, आणि तीही आपल्या शहरांना हिवाळ्यात पाळता येत नाही.

आता येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका भट्टीवर आम्ही मागण्यांचा कागद तयार केला. अकरा कलमे होती. हजारी दर, उचलीचा लेखी हिशेब, पिण्याचे पाणी, आठवड्याची खावटी, अपघाताची भरपाई, पोरांच्या शाळेची सोय. आम्हाला त्या कागदाचा अभिमान वाटत होता. झोपड्यांपुढे बसून तो वाचून दाखविला. मोखाड्याकडची एक बाई मांडीवर आठ महिन्यांचे मूल घेऊन ऐकत होती. मुलाची छाती भात्यासारखी हलत होती. वाचन संपल्यावर ती म्हणाली, "दादा, यात धुराचा काय लिवला नाय?"

आम्ही म्हणालो, "बाय, धूर तर भट्टीला असणारच. पोराला थंडी बाधली असेल."

ती गप्प बसली. दोन दिवसांनी त्या मुलाला दवाखान्यात न्यावे लागले. मूल वाचले, हे त्याचे नशीब. पण तेथे गेल्यावर आम्हाला एक गोष्ट कळली, ती इतकी वर्षे आम्ही पाहत असून पाहिली नव्हती. पौषाच्या थंडीत पांघरूण पुरत नाही, म्हणून ती माणसे पोरांना भट्टीच्या उबेला निजवीत होती. मूल ज्या कडेला झोपत होते त्याच कडेला रात्री धूर जात होता. आम्ही पंचवीस वर्षे कामगारांसाठी भांडलो, आणि माणूस दर हजारी पैशाने जगतो तसा दर मिनिटाच्या श्वासानेही जगतो, हे आम्हाला त्या बाईने शिकवले. दोष शेठचा होता तसा आमचाही होता.

पुढच्या हंगामात बारावे कलम आले. ते लिहिण्यासाठी आम्ही बायकांनाच विचारले. त्यांना वारा पाठ होता. "रातचा धूर दर्याकडं जातो, दुपारचा डोंगराकडं," त्या म्हणाल्या. पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे म्हणून जे धडे असतात, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. हिवाळ्यात तेथे वाऱ्याचा कल उत्तरेकडून असतो. तेव्हा झोपड्या भट्टीच्या पूर्वेला नकोत, पश्चिमेला नकोत. उत्तरेला, आणि भट्टीपासून लांब हव्यात. आणि भट्टीची ऊब सुटणार म्हणून प्रत्येक घराला दोन घोंगड्या हव्यात. या कलमाला शेठने फारशी खळखळ केली नाही. झोपड्या हलविण्याला त्याचे काही जात नव्हते. घोंगड्यांसाठी मात्र तीन बैठका झाल्या. धूर त्याने संपला नाही. पण पोरांची झोप धुराबाहेर गेली. ज्ञान म्हणजे काय याची आमची व्याख्या तेव्हापासून अशी आहे.

कायदा काय म्हणतो? कायदे आहेत, आणि जुने आहेत. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ साली कायदा झाला. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने वीटभट्ट्यांसाठी नियम काढले. भट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून आठशे मीटर दूर असावी असे त्यात आहे. नियम चांगला आहे. आमचा प्रश्न साधा आहे. भट्टीला लागून ज्या वीस-पंचवीस झोपड्या असतात, ज्यांत सहा महिने चुली पेटतात आणि पोरे जन्मतात, ती वस्ती नव्हे काय? चिकूची बाग आठशे मीटरवर हवी आणि माणसाचे मूल आठ मीटरवर चालते, असा त्या नियमाचा अर्थ लावला जात असेल तर तो अर्थ बदलून घेतला पाहिजे.

कामगार कायद्यांतही आपली माणसे फटीत पडत आली. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने मुळातच वगळले. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. मोखाड्याहून भिवंडीला जाणारा राज्याची हद्द ओलांडत नाही. तो फक्त घाट उतरतो. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, आणि त्याआधी १९४५ साली याच जिल्ह्याच्या तलासरी भागात वारल्यांनी ती आपल्या हिमतीने झुगारली होती. पण उचल नावाची दोरी अजून पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. आणि ज्याच्या गळ्यात ती आहे तो धूर नको म्हणून काम सोडू शकत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे, पाणी मारण्याचे हुकूम काढले. पस्तीस फुटी पत्रा लागला. ठीक झाले. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचा थोडा उपयोग झाला असेल. पण पत्र्याच्या आत जो सिमेंट कालवीत होता त्याच्यासाठी धूळ बाहेर गेली नाही, आतच राहिली. त्या आतल्या माणसांत आपल्या तालुक्यांचीही माणसे होती.

येथे कोणी म्हणेल, शहराला नावे ठेवता, आणि तुमच्या डोंगरावर राब जळतो त्याचे काय? घरातल्या चुलीचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि टाळण्यासारखा नाही.

चुलीचे आधी. कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. कारखान्याचा धूर मोजणाऱ्या जगाला तेव्हा प्रथमच नीट कळले की चुलीपुढची बाईही एका कारखान्यातच बसलेली आहे. आपल्या कुडाच्या घरांना खिडकी नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पाड्यांवर सिलिंडर आले. पण दुसरा भरण्याला पैसे नाहीत म्हणून टाकी कोपऱ्यात आणि लाकडे चुलीत, असे घर आपणही पाहिले असेल. गॅस फुकट देण्यापेक्षा तो दर महिन्याला परवडेल असे करणे हे खरे काम आहे. तोवर चुलीवर धुराडे आणि भिंतीत झरोका, एवढे तरी गावपातळीवर होऊ शकते.

आता राब. शेण, पाला, फांद्या, गवत यांचे थर दाढीवर रचून वर माती पसरतात आणि उन्हाळ्यात पेटवितात. तण मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत होते. मग रोप तरारून येते. इंग्रज सरकारला झाडे तोडलेली खपत नव्हती. ठाणे-कुलाब्याच्या रयतेने ओरड केली, आणि १८८५ साली नेमलेल्या जंगल कमिशनपुढे राबाचा प्रश्न गाजला. रयतेचे म्हणणे होते, राब नाही तर भात नाही. आम्ही त्या रयतेच्या बाजूचे आहोत. पण बाजूचे असणे म्हणजे धूर नाकारणे नव्हे. राबाचा धूरही धूरच आहे. त्यानेही म्हाताऱ्यांना खोकला येतो, आणि वारा फिरला तर वणवा लागतो. फरक इतकाच की तो थोडे दिवस असतो, तापलेल्या हवेबरोबर वर निघून जातो, आणि त्यावर कोणाचा नफा उभा नसतो, पोट असते. नेरळजवळच्या सगुणा बागेत गादीवाफ्यावर थेट भात टोकण्याची पद्धत विकसित झाली आहे. तिच्यात दाढही लागत नाही आणि भाजणीही लागत नाही. आपल्या उतारावर, नाचणी-वरईला ती कितपत लागू पडेल हे शेतकऱ्याच्या शेतावर, नुकसानीची हमी देऊन पाहिले पाहिजे. दंडाची पावती फाडून ती रुजणार नाही.

तेव्हा करायचे काय? लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात पाच दिवस असेच झाकण बसले. कोळशाच्या धुरात त्या वेळी सुमारे चार हजार माणसे दगावली असे प्रथम धरले गेले. पुढच्या अभ्यासकांनी आकडा बराच मोठा सांगितला. चार वर्षांनी, १९५६ साली, तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. आमच्या मते त्यातला धडा असा की हवा दैवाने बिघडत नाही आणि दैवाने सुधारत नाही. थंडी दैवाची, झाकण दैवाचे. पण त्या झाकणाखाली काय जाळायचे आणि तेथे कोणाला झोपवायचे, हे माणूस ठरवितो.

आमचे मागणे लांबलचक नाही. पहिले, कार्तिक ते फाल्गुन येथेच काम मिळावे. याच महाराष्ट्राने १९७७ साली, वि. स. पागे यांच्या विचारातून, रोजगार हमीचा कायदा देशाच्या आधी केला. बंधारे, तळी, बांधबंदिस्ती ही कामे दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली आणि मजुरी पंधरवड्यात हाती पडली, तर निम्मे टेम्पो रिकामे परत जातील असा आमचा अनुभव सांगतो. वर त्या बांधात पाणी अडले तर दुसरे पीक निघेल, ते वेगळेच. मजुरी तीन महिन्यांनी मिळणार असेल तर भुकेला माणूस शेठच्या रोख पैशाकडेच जाईल. त्याला दोष देऊ नका. दुसरे, भट्टीवरच्या झोपड्यांना वस्ती म्हणावे आणि त्या धुराच्या वाटेबाहेर असाव्यात. तिसरे, हवा मोजण्याचे यंत्र शहराच्या चौकात असते तसे हिवाळ्यात भट्ट्यांच्या पट्ट्यातही असावे. जे मोजले जात नाही त्याची तक्रार कोणी लिहून घेत नाही. चौथे, स्थलांतरित मुलांची आणि गरोदर बायकांची नोंद गावाहून निघतानाच व्हावी आणि ती जेथे जातील तेथल्या दवाखान्याला कळावी.

आणि पाचवे मागणे सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. या सभेत शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, नवे घर बांधू पाहणारे आहेत. शिक्षकांनी दिवाळीनंतर गैरहजर मुलांच्या नावापुढे नुसती फुली मारू नये. ते कोठे गेले तेवढे लिहून ठेवावे. दुकानदारांनी श्रावणात उधारी देताना थोडा हात सैल ठेवावा, म्हणजे शेठच्या उचलीची गरज तेवढी कमी होईल. आणि ज्यांना विटा घ्यायच्या आहेत त्यांनी भाव विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: "तुमच्या भट्टीवर माणसे कोठे झोपतात?" गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न युनियनच्या मोर्च्यापेक्षा कधी कधी लवकर पोचतो, हे आम्ही मोर्चे काढूनच शिकलो आहोत.

ते मूल आता शाळेत जाते. पळताना त्याला अजून धाप लागते. गेल्या शिमग्याला त्याची आई येथल्या बाजारात भेटली. आम्ही विचारले, "बाय, यंदा पुन्हा भट्टीला?" ती म्हणाली, "गावाला काम निघलं तर कशाला जाऊ, दादा?"

या प्रश्नाचे उत्तर एकट्या युनियनला देता येण्यासारखे नाही, म्हणून तो आपल्यापुढे ठेवला.